वर्ष व्हायचे आहे, आणि छुसॉकचे आमंत्रण आले आहे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या असून गेली दोन वर्षे दक्षिण कोरियातील देजॉन शहरात संशोधनाचे काम करतात. गेल्या फाल्गुनात त्यांचे वडील गेले. प्रयोगशाळेतील एका थोरल्या सहकारी मैत्रिणीने, जिला त्या तिकडच्या रीतीप्रमाणे ‘ऑन्नी’ म्हणजे ताई म्हणतात, यंदाच्या छुसॉक या तिकडच्या मोठ्या वार्षिक सणाला त्यांना आपल्या आईवडिलांच्या घरी, दक्षिणेकडील हेनाम भागातल्या गावी, बोलावले आहे. आईचे म्हणणे असे की, वर्ष होईपर्यंत आपल्याकडे सण नाही, तेव्हा दुसऱ्यांच्या सणालाही जाऊ नये. लेखिकेच्या मनात आणखी तीन शंका आहेत: आमंत्रण कीव येऊन दिलेले असावे, पितरांच्या पूजेत परक्या बाईची अडचण होईल, आणि आपण शाकाहारी असल्यामुळे यजमानांना त्रास पडेल. गेले नाही, तर सामसूम झालेल्या शहरात चार दिवस खोलीत एकटीने काढावे लागतील, याचेही त्यांना भय वाटते. “जाऊ की नको, एवढेच सांगा,” असे त्यांनी लिहिले आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते मला आमंत्रणाविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात शेवटच्या पानावर तुम्ही कंसात टाकलेल्या एका वाक्यापाशी मी अडखळले. “बाबांच्या वेळी मी चौथ्या दिवशी पोहोचले,” असे ते वाक्य आहे. त्याच्याकडे मी नंतर येते. ‘जाऊ की नको’ याचे माझे उत्तर ‘जा’ असे आहे, पण कशासाठी जायचे आणि काय ठरवून जायचे हे स्पष्ट झाल्याखेरीज त्या उत्तराचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

आधी आईच्या शब्दाकडे पाहू. ‘सण’ हा शब्द तुम्हीच त्यांना दिला असणार, आणि त्यात तुमची चूक नाही. इंग्रजीतून कोरियाची ओळख करून देणारे लोक छुसॉकला ‘कोरियन थँक्सगिव्हिंग’ म्हणून मोकळे होतात, आणि आपली तिकडची मंडळी त्याला ‘कोरियन दिवाळी’ करून टाकतात. ही दोन्ही नावे ऐकून आईच्या डोळ्यांसमोर रोषणाई, नवे कपडे आणि फराळ उभा राहिला असेल, तर त्यांचा नकार अगदी रास्त आहे. प्रत्यक्षात छुसॉकची सकाळ काहीशी आपल्या महालयासारखी असते. घरातील मोठ्या खोलीत पडद्यापुढे मेज मांडतात, कागदाच्या पट्टीवर पूर्वजांचे स्थान लिहून ती पट्टी मधोमध ठेवतात, उदबत्तीच्या धुरावरून मद्याची वाटी फिरवून ती पुढे ठेवतात, आणि मग सगळे दोन वेळा जमिनीला डोके टेकून नमस्कार करतात. या विधीला छार्ये म्हणतात. पूर्वज जेवत आहेत अशा समजुतीने मंडळी काही क्षण मान खाली घालून गप्प उभी राहतात. आपल्याकडे पान बाहेर ठेवून कावळ्याची वाट पाहताना घरात जी शांतता असते, तिच्याजवळ जाणारी ही शांतता आहे. नंतर ती कागदी पट्टी जाळून टाकतात आणि मेजावरचे अन्न घरातले सगळे वाटून खातात. त्या नैवेद्यात लसूण आणि मिरची सहसा घालत नाहीत, हे ऐकल्यावर आईला तिथले स्वयंपाकघर फारसे परके वाटणार नाही.

तिथीही आपल्या ओळखीची आहे. छुसॉक चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास, पितृपक्षाच्या उंबरठ्यावर. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, तो शुक्रवारी, 25 सप्टेंबरला आहे. त्या दिवशी आपल्याकडे अनंत चतुर्दशी असेल. दोन्ही पंचांगांत अधिक महिना असतो, परंतु तो नेहमी एकाच वेळी पडत नाही, त्यामुळे कधी महिन्याचा फरक पडतो. 2025 मध्ये छुसॉक 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीच्या दिवशी, आला होता.

अर्थात ही सारी श्राद्धाचीच बाजू झाली, आणि तेवढीच आईला सांगणे म्हणजे अर्धे खोटे बोलणे होईल. छुसॉक सुगीचाही आहे. त्याचे जुने देशी नाव हानगावी असे असून, ‘याहून जास्त नको, कमीही नको, सारे हानगावीसारखे असू दे’ अशी तिकडे म्हण आहे. 1145 मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात या दिवसाचे मूळ सिल्ला या प्राचीन कोरियन राज्यातील एका स्पर्धेशी जोडलेले आहे: युरी राजाने स्त्रियांचे दोन गट करून महिनाभर कापड विणवून घेतले आणि हरलेल्या गटाने आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला जिंकलेल्यांना मेजवानी दिली. तुमची ऑन्नी ज्या दक्षिण-पश्चिम भागातली आहे, तिथे त्या सुमारास तयार भाताच्या आणि ज्वारीसारख्या धान्याच्या लोंब्यांची जुडी खांबाला किंवा दारावर बांधण्याची ‘ओल्गेसिम्नी’ नावाची जुनी रीत आहे. कोकणात आपण ‘नवे’ बांधतो ते याहून किती वेगळे आहे, हे तुम्हीच मला लिहून कळवा. बायकांनी पौर्णिमेच्या चांदण्यात हात धरून फेर धरण्याचा गांगगांगसुल्ले हा नाचही त्याच किनाऱ्यावरचा. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यानंतर तो आता बहुधा मंचावर पाहायला मिळतो.

तेव्हा आईला असे सांगून पाहा, की मैत्रिणीच्या घरी पितरांचे कार्य आहे आणि आदल्या दिवशी हाताखाली मदतीला मी जाते आहे. सकाळचे कार्य झाल्यावर घरात हसणे-बोलणे होईल, दुपारी पत्ते कुटले जातील, आणि त्यात बसायचे की नाही हे मी तेव्हा ठरवेन. यात एकही शब्द खोटा नाही. तरीही त्या ‘नको’ म्हणाल्या, तर मात्र त्यांना पंचांगाचे दाखले देत बसू नका. त्यांनाही हे पहिलेच वर्ष आहे.

आता कीव. तुम्ही लिहिता की, “ती बिचारी मी एकटी आहे म्हणून म्हणाली असेल.” तसे असेलही, आणि एकट्या माणसाला जेवायला बोलावण्यात कमीपणा वाटण्यासारखे काय आहे? मला मात्र निराळाच संशय येतो. तुमची ऑन्नी छत्तिशीची आहे, अविवाहित आहे आणि प्रयोगशाळेतून सहसा रात्री दहाला बाहेर पडते, असे तुम्हीच लिहिले आहे. छुसॉकला जमलेल्या काका-मावशा अशा मुलीला लग्न कधी, पगार किती, घर घेतले का, हे प्रश्न किती प्रेमाने विचारतात, याची कोरियात वर्षानुवर्षे थट्टा होत आली आहे. पाहुणी सोबत असली की प्रश्नांचा निम्मा मारा तिच्यावर वळतो. तेव्हा ऑन्नी तुम्हाला थोडीशी ढाल म्हणूनही नेत असेल, आणि तसे असेल तर उपकार दोन्हीकडून फिटले असे समजून निश्चिंत मनाने जा.

पूजेतल्या अडचणीविषयी तुमची शंका खरी आहे, पण ती तुम्ही विचारायला हवी त्या माणसाला विचारलेली नाही. ऑन्नीला सरळ विचारा: तुमच्याकडे छार्ये असते का? कारण सगळ्याच घरी ते नसते. प्रोटेस्टंट कुटुंबे बहुधा मेज मांडून नमस्कार करत नाहीत. ती प्रार्थना करतात, गीते म्हणतात. छार्ये असेल, तर पुढचा प्रश्न असा, की त्या वेळी मी कुठे उभी राहू? परक्या पाहुणीने नमस्कार करावा अशी सहसा कुणाची अपेक्षा नसते. मागे भिंतीशी गप्प उभे राहिले तरी पुरते. घरातल्या आजींनी हाताने जवळ बोलावलेच, तर जिवंत वडीलधाऱ्यांना एक आणि गेलेल्यांना दोन, एवढे लक्षात ठेवा. फोटो काढावेत का, हे आधी विचारून घ्या, आणि विचारायला संकोच वाटत असेल तर काढूच नका. जेवताना भातात चमचा किंवा काड्या उभ्या खोचून ठेवू नका, कारण भातात उभा चमचा ही मृतांच्या पानाची खूण आहे.

दुसऱ्याच्या पितरांपुढे डोके टेकवले तर आपल्या बाबांचे काही उणे होईल का, असेही तुमच्या पत्रात ओझरते आले आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी वडिलांच्या श्राद्धतिथीला एक शेजारी येत. ते आमच्या जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. ते कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे राहत, जेवून जात, आणि जाताना माझ्या वडिलांविषयी दर वर्षी तीच एक आठवण सांगत. त्यांच्या घरच्यांचे त्यामुळे काही उणे झाले असेल असे मला वाटत नाही. आमच्या घराला मात्र त्यांच्यामुळे काय मिळाले, हे मला चांगले आठवते.

जेवणाचे मी थोडे तपशिलाने लिहिते, कारण परदेशातून येणाऱ्या निम्म्या पत्रांचा गाभा तोच असतो. छुसॉकच्या मेजावर मांस आणि मासे असतातच, त्यात गोमांसही असते, आणि ते तुमच्यासमोर शिजेल. हे सोसवणार नसेल तर गेलात तरी दोन दिवस घुसमटत राहाल, म्हणून मनाला आधीच विचारा. खाण्यापुरते पाहिले तर उपाशी राहण्याचे कारण नाही. पालक, नेच्याचे कोवळे कोंब आणि डोराजी नावाचे पांढरे मूळ, अशा तीन रंगांच्या नामुल भाज्या असतात. नासपती, खजुरासारखी दिसणारी सुकी बोरे, चेस्टनट आणि पर्सिमन ही फळे असतात. तांदळाचे गोड पेय सिख्ये असते. जॉन म्हणजे पिठात घोळवून तव्यावर परतलेले काप. त्यात भोपळ्याचे आणि टोफूचेही असतात, परंतु वरचे आवरण बहुधा अंड्याचे असते. नामुलमध्येही कुणी मांसाचे पाणी घालतात. यासाठी “चोनन कोगिहागो सेंगसॉनुल मोत मॉगॉयो”, म्हणजे मला मांस-मासे खाता येत नाहीत, हे वाक्य ऑन्नीने तुमच्या वतीने तिच्या आईला आठवडाभर आधी फोनवर सांगितलेले बरे. ऐन पंगतीत सांगितले तर यजमानीण तशीच उठून नवे काही करायला लागेल, आणि ज्या त्रासाला तुम्ही भीत आहात तो तेव्हा खरोखर होईल.

आणि सोंगप्यॉन तर तुम्हाला खाताच काय, करताही येईल. नव्या तांदळाचे पीठ कढत पाण्यात मळायचे, लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने त्याची वाटी करायची, आत भाजलेले तीळ आणि साखर किंवा मध भरायचा, मिटवून अर्धचंद्राचा आकार द्यायचा आणि पाइनच्या सुयांसारख्या पानांच्या थरावर वाफवायचे. त्या पानांचा वास सोंगप्यॉनला लागतो, जसा हळदीच्या पानाचा पातोळ्यांना लागतो. वाफवल्यावर वरून तिळाचे तेल चोळतात. ज्या हाताला मोदकाची पारी वळायची सवय आहे, त्याला हे अवघड जाणार नाही. फक्त पीठ आपल्या उकडीपेक्षा घट्ट असते आणि कडा जोरात दाबाव्या लागतात, नाहीतर वाफेत सोंगप्यॉन फुटतो. सुबक सोंगप्यॉन करणारीला चांगला नवरा मिळतो, हे वाक्य तिथे तुम्हाला ऐकवले जाईलच. ऑन्नी त्या वेळी कुठे बघते आहे तेवढे पाहून ठेवा.

म्हणूनच माझा आग्रह असा, की गेलात तर आदल्या दिवशीच पोहोचा. छुसॉकचे खरे काम आदल्या दिवशी असते आणि ते बहुतेक ठिकाणी अजूनही बायकांच्याच वाट्याला येते. तासन्‌तास तव्यापुढे बसून जॉन परतण्याने कंबर धरते, सासरच्या स्वयंपाकघरात सुना चिडचिडतात, आणि सणानंतरच्या या थकव्याला कोरियन भाषेत ‘सणाचा आजार’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच पडले आहे. कन्फ्यूशियन परंपरेची मोठी संस्था असलेल्या सॉंगग्युनग्वानने 2022 च्या छुसॉकपूर्वी जाहीर केले की, तळण-परतणाचे पदार्थ मेजावर असायलाच हवेत असे नाही आणि एकूण नऊ पदार्थ पुष्कळ झाले. तेव्हा अनेक सुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि हे आधी का नाही सांगितले, असेही त्यांच्या मनात आले असेल. ऑन्नीची आई आता किती करते हे मला माहीत नाही; पण सकाळी आयत्या मेजापुढे येऊन उभी राहिलेली पाहुणी आणि आदल्या संध्याकाळी पिठाचे हात घेऊन बसलेली पाहुणी यांत फरक आहे. तुमच्या मनातली परकेपणाची भीती तिथे, पिठाच्या परातीभोवती, कमी होण्याची शक्यता अधिक.

प्रवासाचे आणि इतर व्यवहाराचे थोडक्यात सांगते. रेल्वेची तिकिटे काही आठवडे आधी विक्रीला निघतात आणि पाहता पाहता संपतात. ऑन्नीच्या गाडीने जाणार असाल, तर एरवीच्या दुप्पट वेळ रस्त्यात जाईल असे धरून चाला. 2017 पासून, करोनाची वर्षे सोडता, या दिवसांत महामार्गांवर टोल घेत नाहीत, त्यामुळे गर्दी काही कमी होत नाही. भेट म्हणून फळांची पेटी किंवा चांगला चहा न्या आणि ती दोन्ही हातांनी द्या. रव्याचे लाडू करून नेणार असाल तर साखर निम्मी घाला. प्रयोगशाळेतून तुम्हाला स्पॅम या डबाबंद मांसाच्या डब्यांचा किंवा तेलाच्या बाटल्यांचा संच मिळाला, तर तो थट्टेचा विषय समजू नका; तिकडे ती रीतसर भेट आहे. मात्र तोच संच ऑन्नीच्या घरी नेऊ नका, तिलाही तोच मिळालेला असेल. त्या घरच्या पूर्वजांच्या टेकडीवरच्या कबरींना जाण्याचे ठरले, तर पूर्ण बाह्या, मोजे आणि बूट घाला. तिथे गांधीलमाश्या असतात, आणि शरद ऋतूत गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. दवाखाने आणि औषधाची दुकाने पुष्कळशी बंद असतात. रोजची औषधे आधी घेऊन ठेवा, आणि उघडे दवाखाने विचारायला 129, तातडीच्या वेळी 119, हे क्रमांक जवळ असू द्या.

हे सगळे वाचूनही जावेसे वाटत नसेल, तर न जाण्यात गैर काही नाही. तसे ऑन्नीला लवकर आणि खरे कारण देऊन सांगा. ‘काम आहे’ म्हणू नका. छुसॉकला काम नसते हे तिला ठाऊक आहे. वडिलांचे वर्ष व्हायचे आहे, हे कारण कोरियन माणसाला दुसऱ्यांदा समजावून सांगावे लागणार नाही. मधला मार्गही आहे: आदल्या दिवशी जाऊन सोंगप्यॉन करावेत, सकाळी छार्ये चालू असताना आजूबाजूला फिरून यावे आणि जेवून परतावे. ज्या वाचकांना असे आमंत्रणच आलेले नाही, त्यांनी खोलीत बसून राहू नये. सोल शहरातले ग्यॉंगबोकगुंगसारखे राजवाडे अलीकडच्या वर्षांत छुसॉकच्या सुट्टीत विनामूल्य खुले असतात. पारंपरिक बाजारातल्या तांदळाच्या मिठाईच्या दुकानातून आदल्या दिवशी ताजे सोंगप्यॉन आणता येतात. आणि आपल्यासारखेच आणखी दोघेतिघे मागे राहिलेले असतात, त्यांना आपण बोलावावे. यासाठी कोरियन असावे लागत नाही.

आता ते कंसातले वाक्य. उत्तर कोरियाच्या सीमेजवळ, पाजू शहरात, इमजिनगाक नावाची जागा आहे. 1950 ते 1953 च्या युद्धात उत्तरेकडची घरे सोडून आलेल्या आणि पुन्हा कधीच परत जाऊ न शकलेल्या लोकांसाठी तिथे 1985 मध्ये मांगबेदान नावाची वेदी बांधली. त्यांच्या आईवडिलांच्या कबरी तारेच्या कुंपणापलीकडे आहेत. कित्येकांना आईवडील कधी गेले तेही कळले नाही. छुसॉकला हे लोक, आता फार म्हातारे झालेले, आणि त्यांची मुले-नातवंडे तिथे जमतात, फळे मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून दोन वेळा वाकतात. आपण वेळेवर पोहोचलो नाही, याचे दुःख तुमच्या एकटीचे नाही, असे सांगून मला ते लहान करायचे नाही. तुम्ही चौथ्या दिवशी पोहोचलात ते विमानांच्या वेळांमुळे, हे तुम्हाला माहीत आहे आणि तरीही ते टोचते आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की, हेनामला जाणे न जाणे यावर त्याचे उत्तर अवलंबून ठेवू नका. न गेल्याने ते फिटणार नाही आणि गेल्याने वाढणार नाही. त्यासाठी स्वतंत्र वेळ काढा. पितृपक्षात भाऊ गावी श्राद्ध करील, तेव्हा देजॉनच्या खोलीत बाबांच्या आवडीचे काहीतरी रांधा, एक पान वेगळे वाढा, फोन सुरू ठेवा. पान बाहेर ठेवायला तुमच्या इमारतीत जागा नसेल. जवळच्या टेकडीवर कावळे आणि काळे-पांढरे मॅगपाय पक्षी भरपूर आहेत, असे तुम्हीच एका ओळीत लिहिले आहे.

ऑन्नीला होकार देण्याआधी आईला एकदा पुन्हा फोन करा, आणि या वेळी तिथीपासून सुरुवात करू नका. छुसॉकला थोरानगुक नावाचे सूप करतात; थोरान म्हणजे अळकुड्या, आणि दक्षिणेकडे त्यात पेरिला नावाच्या वनस्पतीच्या बिया वाटून घालतात. ते गोमांसाच्या पाण्यात केले असेल तर तुम्हाला चालणार नाही, पण हेनामच्या त्या स्वयंपाकघरात अळकुड्या सोलून द्यायला तुम्हीच बसणार आहात, असे आईला सांगा. हाताला खाज सुटू नये म्हणून आधी काय लावायचे, हे त्या विचारण्याआधीच सांगतील.